गाडी हवा कुठून घेते? जुन्या टू-स्ट्रोकची गळती बीपीच्या फुग्यानं शोधायची रीत

एक्सलेटर सोडला की रेस, म्हणजे इंजिनाचा वेग, लगेच खाली यायला हवी. ती दोन-तीन सेकंद वरच रेंगाळत असेल आणि मग कुणी ओढून आणल्यासारखी उतरत असेल, तर कार्बोरेटरच्या स्क्रूला हात लावू नका. हे वाक्य मला वेळेवर कुणी सांगितलं असतं तर माझा एक पिस्टन आणि एक बोअर वाचला असता.

गाडी होती यामाहाची आरएक्स १००, मातीत पळवायला केलेली. पुढचं मडगार्ड वर उचललेलं, रुंद हँडल, मागे खड्डेदार नॉबी टायर, हेडलाइटच्या जागी नंबरची पाटी. रेस लटकते म्हणून मेकॅनिककडे नेली. "लीन चालतेय, जेट वाढवू," तो म्हणाला. लीन म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी; जेट म्हणजे कार्बोरेटरमधला पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. त्यानं मेन जेट वाढवला. थोडा फरक वाटला, म्हणून अजून एक नंबर वाढवला. तिसऱ्या रविवारी माळावरचा लांब चढ फुल रेसवर चढून आलो, माथ्यावर एक्सलेटर सोडला आणि उतारावर मागचं चाक एकदम जाम झालं. ब्लॉक उचलून बघितला तर पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे. मूळ दुखणं निघालं मॅग्नेटच्या, म्हणजे क्रँकच्या टोकावरच्या वीज तयार करणाऱ्या चाकाच्या, बाजूचा ऑइल सील. दोन मिसळींच्या पैशात येणारी रबराची चकती.

आरएक्स १०० आपल्याकडे १९८५ ते १९९६ या काळात बनली. म्हणजे सगळ्यात तरुण गाडीसुद्धा आता तिशीच्या घरात आहे, आणि रबर तीस वर्षं मऊ राहत नाही. आरएक्स १३५, शोगन किंवा कुणाकडे बाहेरून आलेली मातीत पळवायची जुनी वायझेड, केएक्स असेल तरी गोष्ट तीच. खाली मी आरएक्स डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. रीड व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेनं आत सोडणाऱ्या पातळ पात्या) असलेल्या कुठल्याही एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोकला ही रीत जशीच्या तशी लागू पडते.

हवा घेते म्हणजे नेमकं काय होतं

फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या खालच्या भागात नुसतं ऑइल फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये तो भाग म्हणजे पंप असतो. पिस्टन वर गेला की क्रँककेसमध्ये पोकळी होते आणि कार्बमधून पेट्रोल-हवा आत ओढली जाते. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबलं जाऊन ट्रान्स्फर पोर्टमधून वर जातं. ७,५०० आरपीएमला हे सेकंदाला १२५ वेळा चालतं. क्रँकच्या दोन टोकांना बसलेले दोन ऑइल सील हा सगळा श्वासोच्छ्वास धरून ठेवतात. इंजिनच्या जोडांमधली पॅकिंगं आणि मॅनिफोल्डचं रबरही त्याच कामाला असतात.

यातलं एक जरी ढिलं पडलं तरी पोकळीच्या वेळी बाहेरची कोरडी हवा आत घुसते. तिच्यासोबत पेट्रोल नसतं. तुम्ही टाकीतच टूटी (टू-स्ट्रोकचं) ऑइल मिसळून चालवत असाल, जे मातीत पळवणारे बरेच जण करतात, तर तिच्यासोबत ऑइलही नसतं.

आता मोठा जेट टाकून हे का झाकलं जात नाही ते बघा. मेन जेटचं काम एक्सलेटर भरपूर उघडल्यावर सुरू होतं. गळतीचा त्रास सगळ्यात जास्त असतो तो एक्सलेटर बंद असताना, कारण त्या वेळी कार्बमधून येणारं मिश्रण अगदी थोडं असतं आणि त्या मानानं चोरवाटेनं येणारी हवा खूप. उतारावर रेस सोडलेली, इंजिन तापलेलं, चाक इंजिनाला जबरदस्तीनं फिरवतंय आणि आत पेट्रोल-ऑइल जवळजवळ नाही. माझा पिस्टन अशाच वेळी पकडला. मेन जेट केवढाही मोठा असता तरी त्या क्षणी तो कामावरच नव्हता.

आधी बाकीचे संशयित सोडून द्या

गळतीची लक्षणं इतर साध्या बिघाडांसारखीच दिसतात, म्हणून पहिली पंधरा मिनिटं इथे घालवा.

गाडी आयडलिंगला ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवा. रेस बदलली तर एक्सलेटरची केबल कुठेतरी ताणली जातेय, इंजिनात काही नाही. आरएक्सला हँडल रुंद टाकलं की जुनी केबल आखूड पडते, हे फार वेळा होतं. केबलला हँडलपाशी दोन-तीन मिलिमीटर मोकळीक हवीच. मग कार्बचं झाकण उघडून स्लाइड हातानं वर-खाली करून बघा. मातीच्या गाडीत स्लाइडवर बारीक रेती बसते आणि ती खाली यायला कुरकुरते. चोकचा प्लंजर पूर्ण बंद होतो का, तेही बघून घ्या.

पायलट जेट, म्हणजे आयडलिंगला पेट्रोल देणारा छोटा जेट, तुंबलेला असेल तरी रेस अशीच लटकते. तो काढून उजेडासमोर धरा. भोक स्वच्छ गोल दिसलं पाहिजे. तार घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब क्लीनर आणि हवेचा झोत पुरतो. गाडी पाच-दहा मिनिटं चालून बंद पडत असेल तर टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज आला तर झाकणाचं हवेचं भोक बंद आहे, त्याचा या लेखाशी संबंध नाही.

एवढं करूनही आयडलिंग धड बसत नसेल, म्हणजे थंड असताना एक, तापल्यावर दुसरी, आणि चोक अर्धा ओढला की गाडी उलट सुधारत असेल, तर पुढे वाचा. ती चोकवर सुधारते ही मोठी खूण आहे. आत हवा जास्त झालीय आणि तुम्ही पेट्रोल वाढवून तिची बरोबरी करताय.

गाडी स्वतःच काय सांगते

दोन ऑइल सीलची लक्षणं वेगवेगळी असतात, आणि पाना हातात घ्यायच्या आधीच बराच अंदाज येतो.

मॅग्नेटच्या बाजूचा, म्हणजे आरएक्सला डावीकडचा सील गेला की आत येते ती नुसती हवा. प्लग पांढरट पडतो, रेस लटकते, इंजिन जास्त तापतं. मॅग्नेट कव्हर काढल्यावर आत काळपट तेलकट थर दिसला तर संशय पक्का समजा, कारण दाबाच्या वेळी तिथूनच मिश्रण बाहेरही येत असतं.

क्लचच्या बाजूचा सील गेला तर त्याच्या पलीकडे हवा नसते, गिअर ऑइल असतं. पोकळी झाली की इंजिन ते ऑइलच पितं. मागून पांढरा दाट धूर येतो, आणि त्याला टूटीचा ओळखीचा वास नसतो, करपट जड वास असतो. प्लग पांढरा न पडता काळा ओला होतो. बाहेर थेंबही गळत नाही, तरी गिअर ऑइलची पातळी मात्र उतरत जाते. कधीकधी गिअर ऑइलला पेट्रोलचा वास येतो, तो याच कारणानं. नवख्याला वाटतं टूटी जास्त पडतंय, आणि तो ऑइल कमी करतो. असं कधीही करू नका.

मॅग्नेट कव्हर उघडलंच आहे तर मॅग्नेट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवून बघा. हाताला खट् असं जाणवलं तर क्रँकचं बेअरिंग गेलंय. मग नवा सील टाकूनही तो महिनाभरात मरणार. क्रँक नाचत असेल तर कुठलाच सील धरत नाही.

फवारा मारून बघणं

ही सगळ्यांना माहीत असलेली पद्धत, आणि सगळ्यात जास्त आगी लावणारीही. कार्ब क्लीनर आणि डब्ल्यूडी-४० दोन्ही पेट घेतात. म्हणून मोकळ्यावर करा. शेजारी ओलं पोतं आणि रेतीची बादली ठेवा, आणि बाटलीतून पेट्रोल शिंपडण्याचा उद्योग कुणी सांगितला तरी करू नका.

मी पहिल्यांदा साबणाचं पाणीच वापरतो. भांडी घासायचा साबण पाण्यात कालवून फवारणीच्या बाटलीत भरायचा. गाडी सुरू करून आयडलिंगला ठेवायची आणि फार तापायच्या आत मॅनिफोल्डच्या जोडावर, क्लॅम्पखाली, रीडच्या पॅकिंगवर थोडं थोडं मारायचं. भेगेत पाणी ओढलं गेलं की रेस क्षणभर अडखळते. तापलेल्या हेडच्या पंख्यांवर पाणी उडवू नका.

त्यानं काही कळलं नाही तर कार्ब क्लीनर, बारीक नळी लावून, एका वेळी एकाच जागी अर्धा सेकंद. मग दहा सेकंद थांबून पुढची जागा. एअर फिल्टरचं तोंड चुकवा, नाहीतर फवारा तिकडून आत जाऊन रेस बदलेल आणि तुम्ही नसलेली भेग शोधत बसाल.

याच वेळी एक तयारी ठेवा. मोठी गळती असलेली टू-स्ट्रोक एखाद्या वेळी आपोआप रेस पकडते, आणि आतला एखादा भाग लाल झाला असेल तर चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी पेट्रोलचा कॉक बंद करून उपयोग नाही, कार्बच्या वाटीतलं पेट्रोल संपायला वेळ लागतो. पूर्ण चोक ओढा. तरी थांबली नाही तर गाडीवर बसून वरचा गिअर टाका, दोन्ही ब्रेक दाबून क्लच सोडा.

फवाऱ्यानं मॅनिफोल्डची भेग सापडते. क्लचच्या बाजूचा सील मात्र कव्हरच्या आत, ऑइलमध्ये असतो, तिथे फवारा पोहोचत नाही. सील बारीक गळत असेल तर रेसमध्ये कानाला कळेल इतका फरकही पडत नाही. फवाऱ्यानं काही सापडलं नाही म्हणून गळती नाही असं धरून चालू नका.

बीपीचा फुगा

खरी तपासणी म्हणजे बंद इंजिनात थोडा दाब भरायचा आणि तो टिकतो का ते बघायचं. बाहेरदेशी यासाठी तयार संच मिळतात. आपल्याकडे त्याहून सोपी गोष्ट घरात असते: डॉक्टरचं हातानं फुगवायचं बीपी मशीन, घड्याळासारखी तबकडी असलेलं. त्याचा फुगा हवा एकाच दिशेनं ढकलतो, स्क्रूनं हवा सोडता येते आणि काटा ३०० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत मोजतो. आपल्याला हवा तेवढाच हा टप्पा आहे. २५० मिलिमीटर म्हणजे साधारण ४.८ पीएसआय, आणि या कामाला पाच-सहा पीएसआयच्या वर जायचंच नसतं. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी तर जवळही आणू नका. त्या दाबानं धडधाकट सीलही जागेवरून उडतो.

दंडाला गुंडाळायची पट्टी काढून टाका. फुगा आणि काटा दोन वेगळ्या नळ्यांवर असतील तर माशांच्या टाकीचं सामान विकणाऱ्याकडे प्लास्टिकचा छोटा टी-जॉइंट मिळतो, त्यानं दोन्ही जोडून एक नळी बाहेर काढा.

आता दोन बुचं लागतील. पहिलं कार्बच्या जागी. कार्ब काढा आणि त्याचं जे तोंड मॅनिफोल्डच्या रबरात बसतं त्या मापाचा नायलॉनचा गोल तुकडा लेथवाल्याकडून करून घ्या, मधून नळीपुरतं भोक पाडून. तो मॅनिफोल्डमध्ये घालून कार्बचाच क्लॅम्प आवळायचा. दुसरं बूच सायलेन्सरच्या जागी. ब्लॉकवर सायलेन्सर बसायची सपाट जागा असेल तर सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि त्यावर जाड पट्टी नटांनी आवळा. तसं जमत नसेल तर फुगणारं बूच करा: लांब बोल्ट, दोन वायसर आणि मध्ये रबरी बुश. एक्झॉस्टच्या तोंडात घालून नट आवळला की बुश चेपून बाजूंना फुगतो. बोल्टचं टोक पिस्टनला लागणार नाही एवढंच बघा. ऑटोल्यूबचा, म्हणजे टूटी आपोआप मिसळणारा, ऑइल पंप अजून असेल तर त्याची कार्बकडे जाणारी नळी बंद करा. कुणी पंप काढून टाकला असेल तर त्याची भोकं नीट बुजवलीत का बघा. मला एकदा गळती तिथेच सापडली, भोकात नुसता स्क्रू पिळलेला होता.

इंजिनाला जोडायच्या आधी यंत्राचीच परीक्षा घ्या. हे कुणी करत नाही, आणि मग तासभर इंजिनावर साबण मारत बसतात. नळीचं टोक चिमट्यानं दाबून २५० पर्यंत फुगवा आणि चहा करून या. काटा तिथेच असला पाहिजे. माझ्या पहिल्या यंत्रात गळती टी-जॉइंटलाच होती. मी दोन वेळा इंजिन उघडल्यावर ते कळलं.

मग इंजिनावर. प्लग जागेवर घट्ट असू द्या, इंजिन गार असू द्या. मॅग्नेटच्या नटाला पाना लावून क्रँक फिरवा आणि पिस्टन अगदी खाली आणा. खाली असताना ट्रान्स्फर पोर्ट उघडे राहतात, त्यामुळे क्रँककेस आणि वरचा ब्लॉक एकच खोली होते आणि हेडचं पॅकिंगही याच फेरीत तपासलं जातं. ही कॉम्प्रेशन टेस्ट नाही, रिंगांचा इथे काही संबंध नाही.

दाब नेहमी कार्बच्या बाजूनं भरा. रीड हवा आत जाऊ देतात, बाहेर येऊ देत नाहीत. एक्झॉस्टकडून दाब भरला तर रीड मिटतात आणि मॅनिफोल्डची भेग तपासायचीच राहून जाते.

२५० पर्यंत फुगवा. सुरुवातीला काटा थोडा उतरेल, कारण रबरं ताणली जातात. परत २५० करा आणि घड्याळ लावा. पाच मिनिटं. काही जण मिनिटाला एक पीएसआयपर्यंत, म्हणजे काट्यावर सुमारे ५० मिलिमीटर, उतरलेलं चालवून घेतात. मी चालवून घेत नाही. नव्या सीलचं नीट बांधलेलं इंजिन पाच मिनिटांत जेमतेम वीस-पंचवीस उतरतं. काटा डोळ्यांदेखत शून्याकडे निघाला तर गळती मोठी आहे, आणि खरं तर तेच बरं, कारण ती लगेच सापडते.

काटा टिकला तर क्रँक हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवून पिस्टन परत खाली आणा आणि पुन्हा मोजा. क्रँकवर सीलच्या जागी एकीकडे चर पडला असेल तर तो असा एखाद्या ठिकाणीच उघडा पडतो.

बुडबुडे

आता तीच साबणाची बाटली, पण गाडी बंद. दाब भरलेला ठेवून एकेका जोडावर फवारा आणि वाकून बघा. मोठी गळती फेस काढते. बारीक गळतीला धीर लागतो, टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडा मिनिटभरानं वर येतो. टॉर्च तिरपा धरला की लवकर दिसतो.

मी या क्रमानं जातो: आधी आपलीच दोन बुचं, मग मॅनिफोल्डचं रबर, रीडचं पॅकिंग, ब्लॉकच्या खालचं पॅकिंग, हेड, प्लगचा वायसर, दोन केसिंगमधला उभा जोड आणि क्रँककेसला खाली बोल्ट असेल तर तो. मॅनिफोल्डचं रबर नुसतं बघून भागत नाही. ते बोटांनी वाकवा. सरळ असताना अखंड दिसणारं रबर वाकवलं की वाळलेल्या ओढ्याच्या तळासारखं तडकलेलं दिसतं.

डाव्या सीलसाठी मॅग्नेट काढावा लागतो, आणि त्यासाठी पुलरच हवा. हातोडी मारून काढलेल्या मॅग्नेटनं क्रँक वाकवल्याच्या कहाण्या प्रत्येक गॅरेजात आहेत. पुलर लावून काढा, मॅग्नेटखालच्या प्लेटच्या मागे सीलच्या कडेला साबण सोडा.

उजव्या सीलसाठी काही उघडायची गरज नाही. या लेखातली माझी सगळ्यात आवडती युक्ती हीच. गिअरबॉक्सला हवा सोडायची एक नळी असते. तिला लांब पातळ पाइप जोडा आणि दुसरं टोक पाण्याच्या ग्लासात बुडवा. इंजिनात २५० दाब भरा आणि ग्लासाकडे बघत बसा. उजवा सील गळत असेल तर क्रँककेसची हवा गिअरबॉक्समध्ये येते, तिथून नळीत, आणि ग्लासात एक-एक बुडबुडा टपकल्यासारखा वर येतो. गिअर ऑइल भरायचं झाकण आणि खालचा बोल्ट घट्ट असायला हवा, नाहीतर हवा तिथून निसटेल. पहिल्यांदा मी हे घरच्या व्हरांड्यात केलं तेव्हा आई बाहेर येऊन म्हणाली, "आता गाडीला सलाइन लावलंस होय रे?"

दाबाखाली सगळं टिकतं आणि तरी रेस लटकते, असंही होतं. काही सील दाबाला धरतात, कारण दाबानं त्यांचं ओठ क्रँकवर आवळलं जातं. पोकळीला मात्र तेच ओठ उचललं जातं. मग उलटी तपासणी लागते. ब्रेक ब्लीड करायचा काटा असलेला हातपंप असतो, त्यानं हवा ओढायची, तितकीच बेतानं. या वेळी नळी एक्झॉस्टच्या बुचाला लावा आणि कार्बची बाजू बंद करा. रीडच्या दिशेमुळे इथे सगळं उलटं होतं. कार्बकडून हवा ओढली तर रीड मिटतात आणि तुम्ही फक्त दोन इंचांचा मॅनिफोल्ड तपासता.

सापडलं, आता बसवा

मॅनिफोल्ड तडकला असेल तर नवाच घ्या. एम-सील, टायरचं सोल्यूशन, इन्सुलेशन टेप, हे सगळं मी लावून बघितलंय. पेट्रोल दोन आठवड्यांत सगळं सोडवतं. पॅकिंगला लावायचं साधं सिलिकॉनही पेट्रोलला फुगून सुटतं आणि त्याचा तुकडा थेट क्रँककेसमध्ये जातो. लावायचंच असेल तर पेट्रोलला टिकणारं लावा, अगदी पातळ. बहुतेक वेळा जागा सपाट असेल तर कोरडं पॅकिंगच पुरतं. सपाट आहे का ते बघायला जाड काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून मॅनिफोल्डचं तोंड आठच्या आकड्यात हलकं फिरवा. चमक सगळीकडे सारखी आली म्हणजे झालं. मधे काळा डाग राहिला तर तिथे खळगा आहे.

ऑइल सील एकच गेला असला तरी दोन्ही बदला. जुना काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा, कोणती बाजू बाहेर होती ते दिसेल असा. उलटा बसवलेला नवा सील जुन्या फाटक्या सीलइतकाच निकामी. काही इंजिनांत सील बाहेरून निघतो, काहींत केसिंग उघडावं लागतं. हे तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. बाहेरून काढताना टॉमी (उचकटायची सळई) क्रँकला किंवा सीलच्या घरट्याला घासू देऊ नका, एका ओरखड्यानं नवा सील गळायला लागतो. नव्याच्या ओठाला थोडं ग्रीस लावा, क्रँकवरच्या खाचेला टेप गुंडाळा म्हणजे ओठ कापलं जाणार नाही, आणि सीलच्या कडेएवढ्या सॉकेटनं हलके टोले देत सरळ आत घाला. क्रँकवर जुन्या ओठानं चर पाडला असेल आणि घरट्यात जागा असेल तर नवा सील मिलिमीटरभर आत-बाहेर बसवा, म्हणजे त्याचं ओठ ताज्या जागेवर येईल.

मग इंजिन सगळं बांधायच्या आत फुगा पुन्हा जोडा. ही दुसरी फेरी टाळू नका. माझ्या वेळी सील नवे होते आणि तरी काटा उतरत होता. ब्लॉकखालचं जुनं पॅकिंग मीच परत टाकलं होतं, पन्नास रुपये वाचवायला.

सगळं टिकल्यावर कार्ब मूळ सेटिंगला आणा. आधी कुणी जेट वाढवला असेल तर तो काढून मूळचा टाका, नाहीतर आता गाडी रिच, म्हणजे जास्त पेट्रोलवर, चालेल आणि तुम्ही पुन्हा गळतीच शोधत बसाल. पहिले दोन-तीन किलोमीटर मऊ हातानं चालवा, लांब उतारावर मधूनमधून एक्सलेटर किंचित उघडून सोडा, आणि परत आल्यावर प्लग काढून बघा. फिकट चॉकलेटी रंग आला की गाडी पोटभर जेवतेय.

मी आरएक्सच्या साइड पॅनलच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहून ठेवतो: तारीख, सुरुवातीचा दाब, पाच मिनिटांनंतरचा दाब. सगळ्यात वरची ओळ आहे २५० आणि ४०. तिच्याखाली २५० आणि १९०, ते पन्नास रुपयांचं पॅकिंग. त्याखाली २५०, २३०. यंदा पावसाळ्याआधीची २५०, २१५ आहे. दिवाळीनंतर परत मोजायचंय, आणि या वेळी ग्लास व्हरांड्यात नेणार नाही.